हळद सांगलीची, हक्क ठरवतं कोण?

कराडशेजारच्या मलकापुरातून बोलतोय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला, तेव्हा मला वाटलं, चला, आता जगभर हे नाव आपलंच. पण तसं नसतं.

जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार १९९५ पासून लागू आहे. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत तो नुसता स्पेसिफिकेशन. कोड प्रत्येक देश आपापला लिहितो. म्हणजे किमान नियम कराराचे, पण हक्क देणार किंवा काढणार त्या-त्या देशाचा कायदा.

त्याच वर्षी जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेनं देऊन टाकलं! आपल्या सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांचे पुरावे दिले, तेही अमेरिकेच्याच पेटंट ऑफिसात. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

म्हणून टॅग इथला असला, तरी परदेशात नाव राखायचं तर तिथल्या कायद्यानंच राखावं लागतं.