प्रार्थनागृहांचे जतन आणि त्यांचा शेजार

अमेरिकेच्या जुन्या औद्योगिक शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी उभी राहिलेली अनेक चर्च आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनागृहे, शेकडो उपासक एकाच वेळी बसतील अशा बेताने बांधलेली आहेत. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर उपासक कुटुंबे उपनगरांत राहावयास गेली आणि दगडी मनोरे, पाटीच्या दगडाची छपरे व रंगीत काचांच्या खिडक्या यांच्या देखभालीचा भार मागे उरलेल्या मोजक्या, बहुधा वयस्क सभासदांवर येऊन पडला. तेथील राज्यव्यवस्थेने शासन व धर्म यांत अंतर राखले असल्याने सरकारी मदतही दीर्घकाळ दुरापास्त होती. उदाहरणार्थ, बोस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चला वारसा-जतनासाठी संघराज्याचे अनुदान मिळाले ते २००३ मध्येच.

अशा उपासकसमूहांना हात देण्यासाठी १९८९ मध्ये फिलाडेल्फियात 'पार्टनर्स फॉर सेक्रेड प्लेसेस' ही कोणत्याही एका धर्मपंथाशी न बांधलेली संस्था स्थापन झाली. वास्तू वाचवावयाची तर आधी तिचा सांभाळ करणारा समूह सबळ झाला पाहिजे आणि तो सबळ होण्याचा मार्ग शेजारच्या वस्तीतून जातो, ही या कामामागची खरी मोलाची दृष्टी होय. संस्थेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की, जुन्या प्रार्थनागृहांतील अन्नवाटप, पाळणाघरे, वृद्धांचे मेळावे इत्यादी उपक्रमांचा लाभ घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के लोक त्या समूहाचे सभासदच नव्हते. प्रार्थनागृह बंद पडले तर नुकसान केवळ उपासकांचे होत नाही, हे या आकड्यामुळे नगरपालिकांना आणि निधर्मी दानसंस्थांना पटवून देता येऊ लागले. सेवेचे मोल असे आकड्यांत मोजणे काहींना खटकते, आणि ते खटकणे समजण्यासारखे आहे; तरीही ज्यांच्याकडे निधी आहे त्यांच्यापुढे श्रद्धेखेरीज दुसरा आधार मांडणे भागच होते.

पश्चिम फिलाडेल्फियातील कॅल्व्हरी मेथडिस्ट चर्च हे वस्तीच्या आधाराने वास्तू राखण्याचे बोलके उदाहरण आहे. एकेकाळी पाडले जाण्याच्या बेतात असलेली ही वास्तू शेजाऱ्यांनी व उपासकांनी मिळून राखली आणि पुढे तिच्या छताखाली नाट्यसंस्था, संगीताच्या मैफली आणि निरनिराळ्या धर्मसमूहांच्या उपासना नांदू लागल्या. मात्र जागा वाटून वापरणे म्हणजे दार सताड उघडे टाकणे नव्हे. कोणती दालने द्यावयाची, उपासनेच्या वेळा कशा राखावयाच्या, ऊब व विजेचा खर्च कोणी सोसावयाचा हे लेखी करारात आले पाहिजे. भीडेपोटी प्रत्यक्ष खर्चाहूनही कमी भाडे घेतले, तर सेवेच्या नावाखाली छप्परच गळू लागते.

दुरुस्तीतही क्रम महत्त्वाचा असतो. सभागृहाच्या रंगकामाला देणगीदार लवकर मिळतो, पन्हळीला मिळत नाही. पण तुंबलेल्या पन्हळीतून भिंतीत मुरणारे पाणीच वास्तूचा घात करते. जुन्या मऊ विटांच्या दरजा मूळच्या चुन्याऐवजी कठीण सिमेंटने भरल्या की भिंतीतील ओल सांध्यांवाटे बाहेर पडू शकत नाही, ती विटांतच अडकते आणि थंडीत गोठून विटांचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून हौशी दुरुस्तीपेक्षा जाणकाराने केलेली पाहणी अखेरीस स्वस्त पडते. 'पार्टनर्स'ने अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा न्यासाच्या सहकार्याने २०१६ मध्ये सुरू केलेला 'नॅशनल फंड फॉर सेक्रेड प्लेसेस' हा निधी अनुदानाबरोबर नियोजनाचे मार्गदर्शनही पुरवतो आणि समूहाने आपल्या बाजूनेही रक्कम उभारावी अशी अट घालतो. ही अट योग्यच आहे, कारण तिच्यामुळे उपासकांना मदतीसाठी वस्तीकडे जावे लागते.

सर्व प्रयत्नांनंतरही काही समूहांना वास्तू विकावीच लागते. अशा वेळी विक्रीपूर्वी 'संरक्षण-निर्बंध', म्हणजे वास्तूचे ठरावीक भाग न पाडण्याचे, पुढील सर्व मालकांवर बंधनकारक असणारे नोंदणीकृत बंधन, एखाद्या जतनसंस्थेच्या हाती सोपवता येते. न्यूयॉर्क शहराच्या कायद्यानुसार उपासनेसाठी वापरल्या जाणाऱ्या अंतर्भागाला वारशाचा दर्जा देता येत नाही, त्यामुळे आतले लाकूडकाम किंवा वाद्यवृंदाइतका भव्य ऑर्गन टिकवावयाचा असेल तर तशी तरतूद वास्तू समूहाच्या ताब्यात असतानाच करून ठेवावी लागते.