पहिली सेकंडहँड स्पीडबोट घेताना

कोकण किनाऱ्यावर पर्यटन वाढले तसा स्पीडबोटीच्या फेऱ्यांचा धंदाही वाढला. मुंबईत किंवा आखातात काही वर्षे नोकरी करून चार पैसे साठवलेले अनेक तरुण आता या धंद्याकडे वळत आहेत. नवी बोट परवडत नाही, म्हणून जुनी घेण्याचा विचार होतो. तो चुकीचा नाही. मात्र रंगरंगोटी पाहून सौदा केला तर एका हंगामात पुंजी बुडते, आणि बोटीत बसणाऱ्यांचा जीवही धोक्यात येतो. म्हणून बयाणा देण्यापूर्वी काय पाहावे, याची माहिती येथे देत आहोत.

तळाचा आकार

बोटीचा वेग केवळ इंजिनावर अवलंबून नसतो. १९६० साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत रे हंट यांच्या आराखड्यावर बांधलेल्या 'मॉपी' या बोटीने खवळलेल्या समुद्रात बाजी मारली. तिचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खोल होता. असा तळ लाट कापतो, सपाट तळ लाटेवर आपटतो. उलट सपाट तळाला इंजिन लहान पुरते आणि पेट्रोल कमी लागते. खाडीतल्या शांत पाण्यात फेऱ्या मारायच्या असतील तर कमी खोलीचा तळ चालेल. खुल्या समुद्रात जायचे असेल तर खोल तळाचीच बोट घ्यावी.

सांगाडा तपासणे

फायबरची बोट वरून चकचकीत दिसली तरी आतले लाकूड कुजलेले असू शकते. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेले असते, तेथे हा दोष अधिक आढळतो. इंजिन थोडे वर उचलून त्याच्या खालच्या भागावर हाताने जोर द्यावा. फळी हलली किंवा बोल्टांभोवती भेगा दिसल्या, तर सौदा तेथेच थांबवावा. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने सगळीकडे हलके ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर ठीक. आवाज बद्द आला तर आत पाणी मुरले आहे किंवा थर सुटले आहेत असे समजावे. एकाच ठिकाणी नवा रंग दिसला तर त्याखाली काय आहे, हे विचारून घ्यावे.

इंजिन तपासणे

इंजिन पाहायला जाल तेव्हा ते थंड असले पाहिजे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातली अडचण लपवते. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजावे. सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. खालच्या गिअरबॉक्सचे थोडे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर सील गळत असून पाणी आत शिरले आहे. तेलात लोखंडाचा कीस दिसला तर गिअर झिजले आहेत. मोठा खर्च येथेच निघतो.

जुनी टू-स्ट्रोक इंजिने वजनाला हलकी आणि उचल चांगली घेणारी, पण पेट्रोल फार पितात. फोर-स्ट्रोक इंजिने किफायतशीर, पण जड असतात. टू-स्ट्रोकसाठी बांधलेल्या जुन्या बोटीवर जड इंजिन चढवले की तिची मागची बाजू पाण्यात बसते. बोटीवरील पट्टीवर कमाल किती हॉर्सपॉवर चालेल ते लिहिलेले असते. ती मर्यादा ओलांडलेली बोट पहिल्या खरेदीसाठी नकोच.

पाण्यातली चाचणी

पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. धंद्यात जितकी माणसे बसणार तितके वजन बोटीत घ्यावे आणि पूर्ण वेग द्यावा. बहुतेक फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिने मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे घेतात. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो. तो गाठला नाही तर पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकले आहे. थंड करणाऱ्या पाण्याची धार सतत पडते की नाही, हेही पाहावे. परत आल्यावर तळातल्या खणात पाणी साठले का ते तपासावे.

पावसाळा तोंडावर आला की भाव उतरतात, पण समुद्र खवळल्यावर चाचणी घेता येत नाही. म्हणून ती मे महिन्यातच उरकून घ्यावी.

हिशेब आणि कागदपत्रे

ढोबळ हिशेब असा की १०० हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण वेगात तासाला सुमारे ३८ लिटर पेट्रोल खाते. लिटरमागे १०० रुपये धरले तरी तासाला ३,८०० रुपये झाले. मोठ्या इंजिनाचा मोह धरण्यापूर्वी हा आकडा फेरीच्या भाड्याशी ताडून पाहावा. पावसाळ्याचे जवळपास तीन महिने धंदा बंद असतो, तेही हिशेबात धरावे. हाताशी दहा रुपये असतील तर आठच बोटीत घालावेत, दोन दुरुस्तीसाठी राखावेत.

नोंदणीचा कागद आणि इंजिनावरचा क्रमांक जुळतो का, बोटीवर बँकेचे कर्ज आहे का, हे पाहून घ्यावे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. आपल्या ठिकाणी नोंदणी, तपासणी आणि परवाना यांसाठी काय लागते, हे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन खरेदीपूर्वीच विचारावे. सौदा लेखी करावा आणि त्यात ज्ञात दोष नमूद करून घ्यावेत.

शेवटी, चालक पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद करणारी दोरी चालू स्थितीत आहे का ते पाहावे, आणि माणशी एक जीवरक्षक जॅकेट ठेवावे. हा खर्च वाचवून कोणी श्रीमंत होत नाही. एका अपघाताने मात्र धंदा आणि घर दोन्ही उद्ध्वस्त होतात.