चाळकेवाडीचे सरडे

मीरा-भाईंदरची मंडळी सप्टेंबरात फुलं पाहायला कास पठारावर जातात. साताऱ्याजवळचंच चाळकेवाडीचं पठारही पाहावं, ते उन्हाळ्यात आणि सरड्यांसाठी.

असंच एकाकी पठार परदेशातही आहे: व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयानाच्या सीमेवर रोराइमा हा 2,810 मीटर उंचीचा सपाट माथ्याचा डोंगर आहे. त्याच्यावरचा इवलासा काळा बेडूक उडी मारत नाही, चालतो. आपले सडे, म्हणजे चाळकेवाडीसारखी खडकाळ पठारं, एवढे उंच नाहीत, पण एकाकीपण तसंच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बसाल्ट झाला, पावसानं त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमचा जांभा उरला. पावसाळ्यात इथे पाणी साचतं, उन्हाळ्यात खडक तव्यासारखा तापतो. मातीत नायट्रोजन कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं ही झाडं कीटक पकडतात.

चाळकेवाडीवरून 2016 मध्ये ‘सरडा सुपर्बा’ ही नवी प्रजाती नोंदवली गेली. विणीच्या काळात नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून दाखवतो. देखणं जनावर! पण पठारावर पवनचक्क्याही आहेत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आहेत. साहजिकच सरडे वाढले. ते धीटही झाले, माणूस बराच जवळ आल्याशिवाय पळत नाहीत. मात्र गर्दीमुळे त्यांची अंगकाठी खालावली आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके पडले.

अशा जागेला पडीक म्हणणं मला तरी पटत नाही.