जोड-टेबलांचा युद्धखेळ : काळ, निरोप आणि परिणाम यांचे नियोजन

सैनिकांच्या व यानांच्या लघुप्रतिमा टेबलावर मांडून, फासे व मोजपट्टी यांच्या साहाय्याने खेळला जाणारा युद्धखेळ हा पाश्चात्त्य देशांतील जुना छंद होय. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकातून त्याचे नियम सर्वसामान्य वाचकांपुढे ठेवले. अशा खेळांच्या संमेलनांत कधी कधी एकच लढाई अनेक टेबलांवर एकाच वेळी खेळवली जाते आणि एका टेबलावरील घडामोडींचा परिणाम दुसऱ्यावर होतो. विज्ञानकथेवर आधारित अशा खेळाच्या नियोजनाचा विचार प्रस्तुत लेखात केला असून, उदाहरणादाखल ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) या चित्रपटातील अंतिम युद्ध घेतले आहे.

या युद्धात एंडोर या उपग्रहावरील अरण्यात बंडखोरांची तुकडी एक जनित्र उद्ध्वस्त करू पाहते. त्या जनित्राच्या अदृश्य कवचामुळेच ‘डेथ स्टार’ हे महाकाय शस्त्रस्थानक अभेद्य राहिलेले असते. कवच कोसळेपर्यंत बंडखोरांचे आरमार अवकाशात शत्रूशी झुंजत राहते. टेबले वेगळी ठेवणे येथे अपरिहार्य ठरते. ‘एक्स-विंग’ (२०१२) या खेळातील लढाऊ विमाने १:२७० या प्रमाणात घडवलेली आहेत. पायदळाच्या प्रतिमा त्यांच्या शेजारी राक्षसांसारख्या दिसतील. चित्रपटातील तिसरे दृश्य, म्हणजे सम्राटाच्या दालनातील द्वंद्व, नाट्यमय असले तरी त्यासाठी टेबल मांडू नये. त्यात पात्रे तीनच आहेत आणि जनित्राच्या भवितव्याशी त्यांचा काही संबंध येत नाही.

खरी अडचण काळाची आहे. एक टेबल पाचव्या फेरीत आणि दुसरे तिसऱ्याच फेरीत असेल, तर पहिल्याकडून येणारा निरोप हा भविष्यातून आलेला निरोप ठरतो. यासाठी दोन्ही टेबलांना एकच घड्याळ असावे. चार तासांचे सत्र धरल्यास नियम समजावण्यास ४० व निकालास २० मिनिटे वगळून १८० मिनिटे उरतात. वीस मिनिटांची एक याप्रमाणे नऊ फेऱ्या होतात. वेळ संपताच चाल संपली, मग कोणाची विमाने हलवायची राहोत अथवा न राहोत. हा निर्बंध कठोर वाटेल, परंतु वेल्स यांनीही तीस सैनिकांमागे एक मिनिट आणि प्रत्येक तोफेमागे एक मिनिट असा हिशेब ठेवला होता. साहजिकच एका खेळाडूकडे चार-पाचच तुकड्या सोपवाव्या लागतात.

दुसरा प्रश्न परिणामांचा. कवच एकतर पूर्ण शाबूत किंवा पूर्ण नष्ट, अशी अट ठेवली आणि अरण्यातील तुकडी अपयशी ठरली, तर अवकाशातील खेळाडूंना तीन तास निरर्थक गोळीबार करावा लागेल. दूरवरून आलेल्या माणसावर ही वेळ आणणे हा नियोजनाचाच दोष होय. म्हणून कवचाचे चार स्तर कल्पावेत. अरण्यातील प्रत्येक ठाणे पडताच एक स्तर गळावा आणि त्या प्रमाणात डेथ स्टारवरील मारा सुकर व्हावा. परिणाम उलट दिशेनेही वाहिला पाहिजे : अवकाशात शत्रूचे मोठे जहाज बुडाले की अरण्यात उतरणारी त्याची कुमक थांबावी. चित्रपटात हे नाही. खेळात मात्र त्यावाचून अवकाशातील खेळाडू केवळ दुसऱ्यांच्या यशाची वाट पाहत बसतात.

निरोप पोहोचवण्याची रीत प्रशियाच्या सैन्याकडून घेता येते. राइसविट्झ यांच्या १८२४ च्या ‘क्रीगश्पील’मध्ये दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत आणि सेनापतीला जे कळणे शक्य असेल तेवढेच पंच त्याला कळवी. येथेही सेनानींनी चिठ्ठी लिहावी. ती पंचामार्फत पुढील फेरीच्या आरंभी पोहोचावी. प्रत्येक टेबलावर एक पंच आणि कोणत्याही टेबलाला न बांधलेला एक मुख्य पंच, असे किमान तीन जण लागतात. मुख्य पंचाने स्वतः खेळू नये. त्याच्या हाती घड्याळ, चिठ्ठ्या आणि कवचाच्या स्तरांचा तक्ता एवढेच असावे.

रंगवलेली अरण्ये व याने यांवर महिनोन्‌महिने खर्चणारे आयोजक टेबलांमधील दुवे मात्र आदल्या रात्री ठरवतात. दोघांनीच केलेली तालीम येथे अपुरी पडते. आठ माणसे एकमेकांशी सल्लामसलत करू लागली की वीस मिनिटे कशी संपतात, हे आठ जणांना बसवल्यावरच कळते.