"आज शाळेत काय झालं?" "काही नाही!"

शाळा सुटली की फाटकापाशी रोज हेच ऐकू येतं. "डबा संपवला?" "हो." "टीचरनी काय शिकवलं?" "काही नाही." स्कूटर सुरू होते आणि बोलणं संपतं.

माझ्या चार वर्षांच्या लेकीचंही असंच चाललं होतं. "ही काही सांगतच नाही," असं मी सासूबाईंना म्हटलं, तर त्या हसल्या. "माझ्याशी तर तास तास बोलते की!"

मग एक दिवस मी कान देऊन ऐकलं. सासूबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. "अगं बाई, या शेंगेत अळी निघाली!" एवढंच त्या म्हणाल्या. लेक सरसावून बसली. "ती आत कशी गेली? दार कुठंय?" सासूबाईंनी शेंग तिच्या हातात दिली. "तूच बघ बरं." आणि त्या गप्प सोलत राहिल्या. थोड्या वेळाने लेकीला शेंगेवरचं बारीक भोक सापडलं. पुढचा अर्धा तास अळीचं घर, अळीची आई, अळीचा डबा!

माझी चूक मला तिथं कळली. माझे प्रश्न परीक्षेचे होते. त्यांना 'हो', 'नाही' किंवा 'काही नाही' एवढंच उत्तर पुरत होतं. शिवाय उत्तराची वाट बघायला मी थांबतच नव्हते.

हे थांबणं फार मोलाचं आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांतलं बोलणं टेप करून तपासलं. त्यांचे निष्कर्ष १९७०च्या दशकात पुढे आले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबत आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागत. आपल्या छोट्यांना तर शब्द जुळवायला आणखी वेळ लागतो. मनात पाच आकडे मोजा, मगच बोला.

विषय घरातच असतात. शोकेसमधली बिदरीची फुलदाणी काढा. "ही काळी आणि नक्षी पांढरी, असं का असेल?" आधी तिचं उत्तर ऐका, "रात्र झाली म्हणून" असलं तरी. मग सांगा, की जस्तात थोडं तांबं मिसळून ती ओततात, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून लावतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच चमकते. माहीत नसेल तर "चल, शोधू या" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

आता भाषेचं. १९५६ साली भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद हा आपला भाग म्हैसूर राज्यात आला. आपल्या मुलांच्या घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत इंग्रजी. म्हणून लेक कधी म्हणते, "आज्जी, नीरु बेकु." तिला टोकू नका, हसूही नका. "पाणी हवंय? माठातलं देऊ का तांब्यातलं?" एवढं बोललं की शब्द आपोआप मिळतो. मात्र शाळेच्या धास्तीने घरी तोडकंमोडकं इंग्रजी धरू नका. 'कम', 'सिट', 'ईट फास्ट' म्हणजे हुकूम झाले, गप्पा नव्हेत. ज्या भाषेत आपल्याला चेष्टा करता येते, लाड करता येतात, तीच बोला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच ओळखलं होतं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपल्यालाही मुलांच्या अंगणात जायचं आहे.

कारण उद्या कुणी तिला ढकललं, कुणाचा स्पर्श नकोसा वाटला, तर ते घरी येऊन सांगण्याची सवय आधीपासून हवी. अळीच्या गोष्टी ऐकून घेणाऱ्या माणसालाच मूल भीतीची गोष्ट सांगतं.

परवा फाटकापाशी मी काहीच विचारलं नाही. "आज माझ्या डब्यात एवढी तिखट मिरची आली, डोळ्यांतून पाणीच!" एवढंच म्हटलं.

स्कूटर चौकापर्यंत गेली. मग मागून आवाज आला, "आई, आज ना, मी पण रडले होते."

मी स्कूटर बाजूला घेतली.