वश आणि वंश : जुन्या ग्रंथांतील माणसाळविलेले व पाळीव पशु

जुन्या दप्तरांत हत्ती, घोडे, उंट, बैल, चित्ते, ससाणे, कुत्रे यांचे उल्लेख पदोपदीं येतात. अठरा कारखान्यांत पीलखाना आहे, शुतुरखाना आहे, शिकारखानाही आहे. हे उल्लेख छापतांना या सर्वांस 'पाळीव जनावरें' अशा एकाच सदराखालीं घालून पुढें जाण्याचा प्रघात कित्येकदां दिसतो. आमच्या मतें हें सदर बरोबर नाहीं. आणि त्यामुळें कागदांतील एक महत्त्वाची माहिती वाचकाच्या हातून निसटते. ती कोणती याचा विचार येथें करावयाचा आहे.

पशूंशीं मनुष्याचा संबंध दोन प्रकारांनीं जडतो. एका प्रकारांत रानांतून जनावर धरून आणावयाचें, उपासानें व लालनानें त्याची भीति मोडावयाची आणि त्यास काम शिकवावयाचें. हें वश करणें होय. तें जनावर मेलें म्हणजे त्याबरोबर सर्व श्रमही संपले. पुढचें जनावर पुन्हां रानांतूनच आणावें लागतें. दुसऱ्या प्रकारांत कोणत्या नराचा कोणत्या मादीशीं संयोग व्हावा हें मनुष्य ठरवितो, झालेल्या पिलांतून हवीं तीं राखतो, नको तीं दूर करतो, आणि राखलेल्यांपासून पुढची प्रजा घेतो. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला म्हणजे जन्मतःच मनुष्याच्या सहवासास योग्य अशी निराळी जात तयार होते. हें वंश पाळणें होय. वश आणि वंश या दोन शब्दांत लेखनाच्या दृष्टीनें एका अनुस्वाराचेंच अंतर आहे. परंतु पहिल्यास कांहीं महिने पुरतात, तर दुसऱ्यास अनेक पिढ्या लागतात.

हा भेद आमच्या प्राचीनांस ठाऊक होता असें दिसतें. विष्णुपुराणाच्या प्रथमांशांत सृष्टिवर्णनाच्या ओघांत सात ग्राम्य व सात आरण्य पशु सांगितले आहेत. ग्राम्यांत गाय, बकरा, पुरुष, मेंढा, घोडा, अश्वतर म्हणजे खेंचर, व गाढव हे येतात. हत्ती मात्र आरण्यांत गणला आहे. राजाच्या दारीं झुलणारा, अंबारी वाहणारा, माहुताच्या शब्दानें गुडघे टेकणारा हत्ती रानटी कसा, असा प्रश्न वाचकाच्या मनांत सहज येतो. परंतु यादी करणाऱ्यानें पशु कोठें बांधला आहे हें न पाहतां त्याचा वंश कोठें वाढतो हें पाहिलें असावें, असें मानिल्यास ही गणना यथार्थ ठरते. उलट खेंचर हा प्राणी मनुष्यानें गाढव व घोडी यांचा संयोग घडविल्यावांचून सहसा उत्पन्नच होत नाहीं. म्हणून तो ग्राम्यांत आला हेंही युक्तच होय.

कौटिलीय अर्थशास्त्रांत हाच भेद राज्यकारभाराच्या भाषेंत मांडलेला आढळतो. म्हैसूर येथील ग्रंथालयांत आलेल्या ताडपत्रावरून शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध केला, हें वाचकांस विदितच आहे. त्यांतील अश्वाध्यक्षानें प्रत्येक घोडा नोंदवितांना वय, वर्ण, चिह्न यांबरोबर त्याचें कुलही लिहावयाचें आहे. आणि घोडे कसे प्राप्त झाले याच्या प्रकारांत, विकत घेतलेले व युद्धांत मिळालेले यांच्या जोडीस 'आजात' म्हणजे आपल्याच पागेंत जन्मलेले असाही एक प्रकार दिला आहे. हत्तीच्या बाबतींत ग्रंथकाराचा कल निराळा दिसतो. तेथें उत्तम, मध्यम, अधम हा क्रम देशांवरून लाविला आहे : कलिंग, अंग व प्राच्य देशांतील हत्ती श्रेष्ठ, दशार्ण व अपरान्त म्हणजे आपलें कोंकण येथील मध्यम, आणि सौराष्ट्र व पंचनद येथील कनिष्ठ. घोड्याचें कुल विचारावयाचें आणि हत्तीचें वन विचारावयाचें, असा हा विवेक आहे.

याचें कारण उघड आहे. हत्तीणीचा गर्भकाळ सुमारें बावीस महिन्यांचा असतो आणि तिचें पिलूं कामास येण्यास वीसेक वर्षें लागतात. तेवढा काळ त्यास दाणावैरण घालण्यापेक्षां रानांत वाढलेला हत्ती धरणें राजास स्वस्त पडे. हत्ती उन्हाळ्यांत धरावा, तो वीस वर्षांचा असावा, असें अर्थशास्त्र सांगतें. आणि बच्चा, आजारी हत्ती, गाभण हत्तीण व दूध पाजणारी हत्तीण यांस धरूं नये असा निर्बंधही घालतें. नागवनांत हत्ती मारणाऱ्यास देहान्त शासन सांगितलें आहे. ही भूतदया नव्हे, हिशेब होय. राजाची खरी गजशाळा राजवाड्यांत नसून रानांत होती, आणि ती राखल्यावांचून सैन्यास हत्ती मिळणार नव्हते. बंधनांत असतांही हत्तिणी क्वचित् वितात हें खरें. परंतु निवड करून हत्तीची निराळी घरगुती जात कोणीं निर्माण केली नाहीं.

आतां वंश पाळण्याचें सर्वांत जुनें उदाहरण पाहूं. कुत्रा हा लांडग्याच्या वंशांतून निघाला याविषयीं आज शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाहीं. जर्मनींत बॉनजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं दोन मनुष्यांच्या सांगाड्यांबरोबर एका कुत्र्याचीं हाडें मिळालीं, तीं सुमारें चवदा हजार वर्षांपूर्वींचीं ठरलीं आहेत. काश्मीरांत बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतींतही मनुष्याबरोबर कुत्रा पुरलेला सांपडला. गाय, घोडा, मेंढी यांच्याही पूर्वीं कुत्रा मनुष्याचा झाला होता.

या दीर्घ व्यापारांत निवड दोन प्रकारांनीं झाली. डार्विन यानें १८५९ व १८६८ च्या आपल्या ग्रंथांत हे दोन प्रकार स्पष्ट केले आहेत. एक हेतुपूर्वक निवड : अमुक रूपाचा कुत्रा हवा असें मनांत धरून जोड्या लावणें. दुसरी अहेतुक निवड : चांगला राखणदार कुत्रा आपल्याजवळ ठेवणें, त्याचीं पिलें शेजाऱ्यानें मागून नेणें, आणि चावऱ्या किंवा भित्र्या कुत्र्यास कोणीं न विचारणें. दुसऱ्या प्रकारांत नवी जात घडविण्याचा कोणाचाही विचार नसतो, तरी जात घडत जाते.

स्वभावाची निवड शरीरासही कशी पालटते हें रशियांतील बेल्यायेव यानें प्रयोगानें दाखविलें. १९५९ सालीं त्यानें सायबेरियांत नोवोसिबिर्स्क येथें केसाळ कातड्यासाठीं पिंजऱ्यांत ठेविलेले रुपेरी कोल्हे घेतले व प्रत्येक पिढींतून मनुष्यास सर्वांत कमी भिणारे तेवढेच प्रजेसाठीं राखले. चौथ्या पिढीच्या सुमारास कांहीं पिलें मनुष्यास पाहून शेपूट हालवूं लागलीं. पुढें कांहींचे कान लोंबते राहिले, कांहींच्या कपाळावर पांढरा ठिपका आला, कांहींची शेपूट वर वळली. कान किंवा रंग पाहून कोणतेंच पिलूं निवडलें नव्हतें. यांतील कांहीं चिन्हें त्या कोल्ह्यांच्या पूर्वजांत अगोदरच येऊं लागलीं होतीं असा आक्षेप पुढें निघाला. तथापि स्वभाव वंशानें पालटतो हा मुख्य सिद्धान्त त्यानें बाधित होत नाहीं. शिल्पें व चित्रें पाहणारांनीं यावरून एक गोष्ट घ्यावी. गळ्यांतील पट्टा किंवा पायांतील साखळी हा वश केल्याचा पुरावा होय. लोंबते कान, वळलेली शेपूट, ठिपक्यांचा रंग हा वंश पाळल्याचा पुरावा होय.

दक्षिणेंत कुत्र्याचा मान किती होता हें अतकूर येथील शिलालेखावरून कळतें. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याच्या काळचा, इ. स. ९४९-५० चा हा कानडी लेख तक्कोलम्‌च्या युद्धासाठीं इतिहासज्ञांस परिचित आहे. त्यांत गंगराजा बूतुग यानें मणलेर नामक वीरास पराक्रमाबद्दल काय हवें तें मागण्यास सांगितलें, तेव्हां त्यानें राजाची 'काळी' नांवाची कुत्री मागितली, असें नमूद आहे. पुढें ती एका प्रचंड रानडुकराशीं लढली व दोघेंही मेलीं. तिच्या स्मरणार्थ शिळा उभारून जमीन दिली गेली. जेथें कुत्री हें युद्धाचें पारितोषिक होतें, तेथें तिच्या पिलांसही मागणी असलीच पाहिजे.

यानंतर पावणेदोनशे वर्षांनीं कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत सारमेयविनोद म्हणून कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरणच आलें. त्याच प्रदेशांत पुढें लांब तोंडाचा, खोल छातीचा, नजरेनें सावज हेरून धांवणारा कुत्रा प्रसिद्धीस आला. धनगर व शिकारी यांच्यांत आखूड केसांच्यास कारवान व केसाळ असल्यास पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीची आस्थेनें जोपासना केली, म्हणून तिला मुधोळ हें नांव पडलें. २००५ सालीं तिचें चित्र टपालाच्या तिकिटावरही आलें. राजाश्रय गेला तरी ही जात टिकली, कारण तिचा वंश मनुष्याच्या अंगणांत होता.

चित्त्याची कथा याच्या उलट आहे. अकबराच्या दरबारीं कबुतरें व चित्ते दोन्ही होते. ऐन-इ-अकबरींत कबुतरांच्या जोड्या लावून त्यांच्या जाती सुधारल्याचें वर्णन आहे, आणि डार्विन यानें आपल्या ग्रंथांत निवडीच्या प्राचीनतेचा दाखला म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. हिंदुस्थानांतील एका फारसी ग्रंथांतील पक्ष्यांची नोंद युरोपांतील नव्या शास्त्रास अशी उपयोगीं पडली. परंतु जो बादशहा कबुतरांचा वंश पालटवूं शकला, त्याचे चित्त्यांपुढें कांहीं चाललें नाहीं. आपल्या वडिलांनीं एके काळीं हजारपर्यंत चित्ते जमविले व त्यांचा संयोग व्हावा अशी खटपट केली, पण ती साधली नाहीं, असें जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत लिहितो. त्याच्या स्वतःच्या कारकीर्दींत, सुमारें १६१३ सालीं, एका नराचा पट्टा सुटला, त्याचा मादीशीं संयोग झाला व तीन पिलें झालीं. याचें नवल वाटूनच त्यानें ही हकीकत नोंदविली. यानंतर बंधनांत चित्त्यास पिलें झाल्याची नोंद मिळते ती एकदम १९५६ सालची, अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांतील.

अर्थात् शेंकडों वर्षें शिकारखान्यांत आलेला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानांतून धरलेला होता. हत्तीच्या रानास अर्थशास्त्रानें जसें संरक्षण दिलें, तसें चित्त्याच्या माळरानास कोणीं दिलें नाहीं. पकड, शिकार व माळांची लागवड यांनीं त्याची संख्या घटत गेली. पुढें कोल्हापूर व भावनगर या संस्थानांस शिकारीचे चित्ते आफ्रिकेंतून आणवावे लागले. १९४७ सालीं कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ सालीं हा प्राणी हिंदुस्थानांतून नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. २०२२ च्या सप्टेंबरांत मध्यप्रदेशांतील कुनो येथें नामिबियाहून आठ चित्ते आणून सोडले, तेही आफ्रिकेचेच. शिकारीस चित्ते बाळगणाऱ्या पारध्यांच्या एका शाखेस चितेवाले हें नांव पडलें होतें. प्राणी गेला, शब्द तेवढा राहिला.

संग्राहकांस आमची विनंति आहे ती याच संदर्भांत. घराण्याचीं दप्तरें चाळतांना सनदा, महजर व राजकीय पत्रें निवडून घेतलीं जातात, आणि दाणावैरणीच्या यादी व पागेचे हिशेब क्षुल्लक म्हणून बाजूस पडतात. हे कागद टाकूं नयेत. त्यांतील प्रत्येक पशूच्या नोंदीस तीन प्रश्न विचारावे : हा कोठून आला? याचे आईबाप लिहिले आहेत काय? याचा संयोग कोणीं ठरविला? पहिल्या प्रश्नास रानाचें नांव मिळालें, तर त्या काळीं त्या रानांत कोणता पशु होता हें कळेल. आणि जेथें रान राहिलें नाहीं तेथें हा कागद हाच त्याचा एकुलता साक्षी असूं शकेल. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांस उत्तर मिळालें, तर आपल्या देशांतील घोड्याबैलांच्या व कुत्र्यांच्या जाती कोणाच्या निवडीनें घडल्या हें समजेल. लढाया व तह यांचीं साधनें अनेक ठिकाणीं सुरक्षित आहेत. या प्रश्नांचीं उत्तरें मात्र वाळवी लागलेल्या वैरणीच्या यादींतच मिळावयाचीं आहेत.