गिरडची टेकडी आणि ग्रामपरिचयाचा पाठ

बालकास दूरच्या प्रदेशाचा इतिहास शिकविण्यापूर्वी स्वतःच्या गावाची ओळख करून द्यावी, हे तत्त्व शिक्षकांस परिचित आहे. ते वर्गात कसे उतरवावे, यासाठी वर्धा जिल्ह्यातील गिरड हे गाव उत्तम उदाहरण होय. वर्ध्याच्या आग्नेयेस असलेले हे गाव पूर्वी हिंगणघाट तहसिलीत होते. आज ते समुद्रपूर तालुक्यात मोडते.

कथा : येथील टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान असे दोन्ही समाजांचे भाविक तेथे येतात. परंपरेनुसार बाबा इ. स. १२४४ मध्ये येथे आले. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी त्यांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा नारळादी माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागताच बाबांनी वाळलेल्या पानांपासून नवा माल निर्माण केला व ते दोघे बाबांचे सेवक झाले. टेकडीवर विखुरलेले वाटोळे दगड तोच माल होय, असे मानतात.

शास्त्र : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हारस पसरला. तो थिजताना वायूच्या बुडबुड्यांमुळे त्यात पोकळ्या राहिल्या. त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून झिओलाइट गटातील खनिजे साठली. भोवतालचा काळा पाषाण झिजला, की या गाठी सुट्या होतात.

विद्यार्थी विचारील, ‘गुरुजी, यांतले खरे कोणते?’ त्या वेळी शिक्षकाने कचरू नये. दगड कसे झाले, हे शास्त्र सांगते. गावाने क्षमेस किती मोल दिले, हे कथा सांगते. शास्त्र स्पष्टपणे शिकवावे. परंतु श्रद्धाळू घरातील मुलास वर्गात खाली पाहावे लागेल असे बोलू नये. थट्टेचा परिणाम त्या कथेतच सांगितला आहे.

सोयी : इतिहासाप्रमाणेच सोयींचाही अभ्यास व्हावा. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पाणी, दिवाबत्ती व स्वच्छता ही कामे पंचायतीच्या कक्षेत आणली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्य करू लागल्या व ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. नळ, रस्ता, शाळा व दवाखाना आपोआप उगवत नाहीत, हे मुलांस कळावे.

त्यासाठी पुढील उपक्रम घ्यावेत :

१. वृद्धांना विचारून जुन्या विहिरी व वाटा यांची नोंद करणे.
२. गावाचा नकाशा काढून प्रत्येक वस्तीपासून पाण्याचे अंतर पावलांनी मोजणे.
३. ऐकीव माहिती व लेखी नोंद वेगवेगळ्या रकान्यांत लिहिणे.

नकाशात एखादी वस्ती पाण्यापासून फार दूर आढळल्यास तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. गावाचा परिचय गावाच्या उपयोगी पडला, तरच हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.